यंत्र घेणारा कारागीरही ग्राहकच असतो

आपल्या समाजातील बहुसंख्य लोकांचे हातावर पोट आहे. कोणी शिलाईचे काम करतो, कोणी जरी-कशिद्याचे, कोणी दोन-चार माग चालवतो, कोणी रिक्षा. या लोकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे ज्यावर रोजी चालते ते यंत्र, आणि फसगत होते तीही बहुधा याच खरेदीत. नवी मशीन येते, पंधरा दिवस बरी चालते, मग धागा तुटू लागतो, मोटर तापू लागते. मेकॅनिक येतो, एखादा पार्ट काढून नेतो आणि "कंपनीकडे पाठवला आहे" असे सांगून महिना काढतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला हजर असतो. शेवटी कारागीर चिडून ग्राहक न्यायालयाचे नाव काढतो, तेव्हा विक्रेता शांतपणे उत्तर देतो, "तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतली आहे. धंदेवाल्यांना ग्राहक कायदा लागू होत नाही."

एवढे ऐकून आपला माणूस घरी परततो. आमच्या बाजारात हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. विक्रेत्याचे वाक्य सरळ खोटे असते तर कोणी ना कोणी त्याला जाब विचारला असता. पण ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काय आहे ते आमच्या कारागीर बंधूंना कळावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. दोन्ही कायद्यांत ग्राहकाची व्याख्या दिली आहे आणि दोन्हींत म्हटले आहे की पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारा हा ग्राहक नाही. विक्रेता बोट ठेवतो ते याच ओळीवर.

परंतु त्याच व्याख्येच्या खाली एक स्पष्टीकरण आहे. १९९३ च्या दुरुस्तीच्या वेळी ते घालण्यात आले आणि नव्या कायद्यातही ते कायम आहे. त्याचा अर्थ असा की, जो माणूस वस्तू विकत घेऊन ती केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका कमावण्यासाठी स्वतः वापरतो, त्याचा हेतू 'व्यापारी हेतू' धरला जाणार नाही. म्हणजे तो ग्राहक आहे. त्याला जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे.

या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' या खटल्यात नीट उलगडून सांगितला. त्या निकालातील उदाहरणे जणू आपल्या मोहल्ल्यातूनच उचलली आहेत. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक आहे. लेथ किंवा दुसरे एखादे यंत्र घेऊन त्यावर स्वतः काम करणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र यंत्र घेतले आणि ते पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिले, तर तो ग्राहक राहत नाही.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या खटल्यात तक्रार करणारी लक्ष्मी इंजिनिअरिंग स्वतः हरली. तिने घेतलेल्या यंत्राचे स्वरूप पाहता ती खरेदी व्यापारी हेतूचीच ठरली. पण न्यायालयाने तिला दिवाणी न्यायालयात जाण्याची मोकळीक ठेवली आणि ग्राहक आयोगात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली मुदतीतून वगळून मागता येईल असेही सांगितले. चुकीच्या दारी गेलेल्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे, पण ती मागावी लागते.

पुढे १९९६ साली 'चीमा इंजिनिअरिंग सर्व्हिसेस विरुद्ध राजन सिंग' हा विटा बनवण्याच्या यंत्राचा खटला आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यंत्र 'तो स्वतः' वापरतो यातील 'तो' मध्ये त्याच्या कुटुंबातील माणसेही येतात. ज्या घरात बाप बीम चढवतो, मुलगा माग चालवतो आणि घरातील बाया कांड्या भरतात, त्या घरासाठी हे एक वाक्य किती कामाचे आहे हे वेगळे सांगायला नको. मात्र त्याच निकालात हेही आले की स्वयंरोजगार आहे हे पुराव्याने दाखवावे लागते, नुसते म्हणून भागत नाही.

भागीदारीचे काय? दोन भाऊ किंवा दोन मित्र पैसे एकत्र करून मशीन घेतात आणि बिल फर्मच्या नावाने फाडतात. अशांनी २०१८ चा 'पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध ऐग्फा इंडिया' हा निकाल लक्षात ठेवावा. बेरोजगार पदवीधरांनी भागीदारीत फोटो छपाईचे यंत्र घेतले होते. फर्म आहे एवढ्यावरून ती व्यापारी ठरत नाही, यंत्र कोण चालवतो आणि कशासाठी हे पाहावे लागते, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्राहक मानले.

बोर्डावरचे नाव आणि बिलावरचे नाव

आता आमच्या लोकांच्या एका सवयीबद्दल. दहा बाय दहाचा गाळा, एक ओव्हरलॉक मशीन, चालवणारा एकटा, आणि वर बोर्ड काय, तर अमुक 'इंटरनॅशनल' किंवा तमुक 'इंडस्ट्रीज'. हौसेला मोल नसते हे खरे. पण मशीनचे बिल त्याच भारदस्त नावाने घेतले की पुढे समोरचा वकील तेच बिल आयोगापुढे धरतो आणि म्हणतो, हा पाहा उद्योगपती. त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याने बिल शक्यतो स्वतःच्या नावाने घ्यावे, किंवा फर्मच्या नावापुढे मालक म्हणून आपले नाव लिहून घ्यावे.

तक्रार लिहितानाही पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच साफ लिहावे की हे यंत्र मी माझ्या व कुटुंबाच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतले असून ते मी स्वतः चालवतो. किती यंत्रे आहेत, मदतीला कोण आहे, दुसरे उत्पन्न आहे की नाही, हे खरे खरे लिहावे आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली 'श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स' या खटल्यात पुराव्याचे ओझे वाटून दिले आहे. खरेदी व्यापारी हेतूची होती हे आधी समोरच्याने सिद्ध करायचे. त्याने ते केले, तर मग स्वयंरोजगार दाखवण्याची पाळी आपली. म्हणून आपले कागद आधीपासून तयार असलेले बरे.

दुसरी सवय याहून घातक आहे. विक्रेता म्हणतो, "बिल कशाला, टॅक्स वाचेल," आणि कारागीर कच्च्या चिठ्ठीवर मशीन उचलतो. चार पैसे वाचतात, आणि खरेदीचा पुरावा त्याच क्षणी हातून जातो. चिठ्ठीवर ना विक्रेत्याचा नंबर, ना मशीनचा. पैसे तरी बँकेतून किंवा फोनवरून दिलेले असले तर काहीतरी नोंद राहते. रोख दिले असतील तर विक्रेता "मी यांना ओळखत नाही" म्हणायला मोकळा. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून लिहिलेली गोष्ट आहे, तेव्हा पक्के बिल मागणे म्हणजे विक्रेत्यावर अविश्वास दाखवणे असे कोणी समजू नये.

आमच्या ओळखीच्या एका कशिदा कारागिराला पक्के बिल होते, वॉरंटी कार्ड होते, पण दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकची एकही सही त्याच्याकडे नव्हती. तीन महिन्यांत मेकॅनिक सात वेळा आला आणि दर वेळी तोंडीच सांगून गेला. विक्रेत्याने पुढे लिहून दिले की आमच्याकडे फक्त एकच तक्रार आली होती व ती दूर केली. तेव्हा मेकॅनिक आला की तारीख, दोष आणि काढून नेलेला पार्ट एका कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. सही देत नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याच्या फोनवर तेवढाच मजकूर पाठवून ठेवावा.

व्यापाऱ्याने कुठे जावे

विक्रेत्याच्या वाक्याचा जो भाग खरा आहे तो आम्हा व्यापाऱ्यांना लागू पडतो. आम्ही सुताची गाठ घेतो, ग्रे कापडाचे तागे घेतो, ते पुढे विकण्यासाठी. तो माल खराब निघाला तर आम्ही ग्राहक नाही आणि ग्राहक आयोगात गेल्यास वेळ वाया जाईल. आमच्यासाठी १९३० चा माल विक्री कायदा आहे. जुना आहे, पण कापडवाल्यांच्या फार कामाचा आहे. नमुना दाखवून सौदा झाला असेल तर सगळा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे आणि वरवर पाहून न दिसणारा ऐबही मालात असता कामा नये, असे त्याचे कलम १७ सांगते. मात्र नमुना कुठे आहे? आमच्या बाजारात दलाल खिशातून चार बोटांची चिंधी काढून दाखवतो आणि सौदा झाला की तीच चिंधी परत खिशात घालतो. त्या चिंधीचे दोन तुकडे करून, कागदाला टाचून, तारीख व दोघांच्या सह्या घालून एक आपल्याकडे ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणखी एक. माल आल्यावर वाजवी वेळेत तक्रार केली नाही तर तो स्वीकारला असे कायदा धरतो. तागे महिनाभर गोदामात पडून राहिले आणि मग भाव उतरल्यावर खोट दिसू लागली, असे झाले तर न्यायाधीशही ओळखतो. तागा लगेच उघडावा, खोट दिसली की त्याच दिवशी लेखी कळवावे.

विमा, वीज आणि बँक

येथे व्यापाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे, जी अजून पुष्कळांना ठाऊक नाही. दुकानाचा किंवा गोदामाचा विमा कंपनीने नाकारला तर "तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक नाही" हे उत्तर चालत नाही. अहमदाबादच्या हरसोलिया मोटर्स या वाहनविक्रेत्यांचे २००२ च्या गुजरात दंगलीत आगीने नुकसान झाले होते. विमा कंपनीचा आक्षेप होता की पॉलिसी व्यापारी संस्थेची आहे. राष्ट्रीय आयोगाने २००४ साली तो आक्षेप फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यामागचा विचार सरळ आहे. विमा नफा कमावण्यासाठी घेतला जात नाही, नुकसान झाले तर भरून निघावे म्हणून घेतला जातो. निकाल लागेपर्यंत वीस वर्षे उलटली, ही गोष्टही सांगितली पाहिजे. पण आता तोच आक्षेप दुसऱ्या दुकानदारापुढे ठेवणे कंपन्यांना तितके सोपे राहिलेले नाही.

विजेचा प्रश्न वेगळा आहे. यंत्रमागाचे बिल अचानक दुप्पट आले, मीटर पळू लागले, तर ग्राहक आयोगात व्यापारी वापराचा वाद निघतो. २०१३ च्या 'उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध अनीस अहमद' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की व्यापारी हेतूने वीज घेणारा ग्राहक कायद्याखाली तक्रार करू शकत नाही, आणि अनधिकृत वापराबद्दल कलम १२६ खाली झालेली आकारणीही ग्राहक आयोगापुढे नेता येत नाही. पण २००३ च्या वीज कायद्यात ग्राहकाची स्वतःची व्याख्या आहे आणि तीत घर, दुकान, कारखाना असा भेद नाही. त्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वीज वितरण कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवावा लागतो आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल असतो. मागवाल्यांनी आपल्या बिलाची तक्रार तेथे न्यावी. कलम १२६ च्या आकारणीविरुद्ध मात्र वेगळे अपील असते आणि त्याची मुदत फक्त तीस दिवसांची आहे, तेव्हा तो कागद हाती पडताच वकिलाला दाखवावा.

बँकेच्या कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टच्या भांडणातही ग्राहक आयोगाची आशा धरू नये. 'श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक' या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने धंद्यासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टला व्यापारी हेतूचे ठरवले. बँकेच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्यावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही.

आपल्या गल्ल्यावरचे गिऱ्हाईक

इतके वाचून कोणी म्हणेल, हे सगळे आपले हक्क झाले. बरोबर आहे. पण आपल्याच दुकानात "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावलेली असते. गिऱ्हाइकाला रंग आवडला नाही, घरच्यांना पसंत पडला नाही, म्हणून माल परत घ्यायचा की नाही ही दुकानदाराची मर्जी. मालात खोट असेल तर मात्र त्या पाटीचा काही उपयोग नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही नव्या कायद्यात अनुचित प्रथा ठरली आहे. पहिल्या धुण्यात रंग सुटणारी साडी, कॉटन म्हणून दिलेला पॉलिस्टर मिश्र कपडा, मीटरमध्ये चार बोटे कमी भरणारा तागा, या सगळ्यांना हे लागू होते.

आमचे काही दोस्त म्हणतात की खोट गिरणीत झाली, आम्ही का भरावे? गिऱ्हाइकाचे पैसे आपण घेतले आहेत, म्हणून तो आपल्याकडेच येणार. आपण वर सांगितलेल्या माल विक्री कायद्याने पुरवठादाराकडून वसूल करावे. त्यासाठी पुन्हा पक्के बिल आणि टाचलेला नमुनाच लागतो.

तक्रार कशी करावी

यंत्रासाठी प्रत्यक्ष दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. ५ लाखांपर्यंत फी काहीच नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील घेणे सक्तीचे नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो.

२०१९ च्या कायद्याने एक मोठी अडचण दूर केली आहे. पूर्वी सुरतेची किंवा कोइमतूरची मशीन बिघडली की तक्रारीसाठी तिकडे जावे लागेल या भीतीनेच माणूस बसून राहायचा. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. मालेगावच्या विणकराला नाशिकच्या आयोगात, भिवंडीच्या कारागिराला ठाण्याच्या आयोगात दाद मागता येईल. बिलाखाली बारीक अक्षरांत परगावच्या न्यायालयाचे नाव छापलेले असते, तेवढे पाहून तक्रार सोडून देऊ नये.

मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. विक्रेते "पुढच्या महिन्यात बदलून देतो" म्हणत हीच दोन वर्षे खातात. तीन-चार वेळा दुरुस्ती होऊनही तोच दोष परत आला, तर स्पीड पोस्टाने विक्रेता आणि उत्पादक या दोघांना नोटीस पाठवावी आणि पंधरा दिवस वाट पाहून तक्रार दाखल करावी. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तोपर्यंत मशीन दुसऱ्या मेकॅनिककडून उघडू नये. दाव्यात दोष दूर करणे, बदली यंत्र, पैसे परत, आणि बुडालेल्या कामाची भरपाई, असे सगळे मागता येते. बुडालेले काम दाखवण्यासाठी कोणाची ऑर्डर परत गेली, त्याचा कागद जोडावा.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि तपासणी असल्यास पाच महिने लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात तारखा त्याहून पुष्कळ लांबतात. त्यामुळे आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहण्यास हरकत नाही. कंपनी मोठी असेल तर पुष्कळदा तेथेच तोड निघते. तेथे वेळ चालला आहे म्हणून दोन वर्षांची मुदत थांबत नाही, हे मात्र विसरू नये.

तक्रार मराठीत देता येते. आपल्यापैकी ज्यांचे हिशेब, रसीद आणि चिठ्ठ्या उर्दूत असतात त्यांनी मूळ कागद जपून ठेवावा आणि त्याचा मराठी तर्जुमा करून, खाली करणाऱ्याची सही घेऊन, तक्रारीच्या प्रत्येक प्रतीला जोडावा.